मधमाशांची पहिली पेटी

रानांतलें मोहोळ झाडणें आणि मधमाशा पाळणें ह्या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. मोहोळ झाडणारा धूर देऊन माशा उठवितो, पोळीं कापून फडक्यांत पिळतो, आणि मधाबरोबर अंडीं व अळ्या ह्यांचाही त्याच फडक्यांत चेंदा होतो. पुढील वर्षीं त्या ढोलींत पुन्हां माशा येतील कीं नाहीं, ह्याची त्यास फिकीर नसते. पेटी ठेवणाऱ्याचें तसें नाहीं. पुढील वर्षीं पेटींत माशा असतील तरच त्याचा धंदा. नसतील तर लांकडाचा रिकामा खोका तेवढा पदरीं उरतो.

मोठ्या हौसेनें आणलेल्या पेट्या पहिला पावसाळा संपतांना रिकाम्या पडलेल्या पुष्कळ ठिकाणीं दिसतात. मालक म्हणतो, "माशा उडून गेल्या." परंतु माशा उगीच उडून जात नाहींत. बहुधा त्यांच्या तोंडचा मध उन्हाळ्यांत काढून घेतलेला असतो, आणि पुढें पावसाच्या झडींत त्यांस कोणी विचारलेलें नसतें. म्हणून नवशिक्यानें मनाशीं एक गोष्ट ठरवूनच ह्या कामास हात घालावा: पहिल्या वर्षाचें पीक मधाचें नाहीं, वसाहतीचें आहे. एक वसाहत सर्व ऋतूंतून सुखरूप पार पडली, म्हणजे पहिल्या वर्षाचें काम झालें. माशीची जात निवडण्यापासून पहिला मध काढीपर्यंतची माहिती ह्याच धोरणानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतकऱ्यास माशांचा उपयोग

मध हा ह्या धंद्याचा डोळ्यांस दिसणारा लाभ होय. न दिसणारा लाभ त्याहून मोठा आहे. कांद्याच्या बियाण्याचें उदाहरण घ्या. कांद्याच्या गोंड्यांतील एकेका फुलांत पराग आधीं सुटतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळें त्या फुलाचा पराग त्याच फुलाच्या उपयोगीं पडत नाहीं. दुसऱ्या फुलाचा पराग कोणी तरी आणून द्यावा लागतो, आणि तें काम मुख्यतः माशा करतात. काकडी व कलिंगड ह्यांच्या वेलांवर नरफुलें व मादीफुलें निरनिराळीं असतात, आणि त्यांचा चिकट पराग वाऱ्यानें उडत नाहीं. माशी फिरली नाहीं, तर मादीफूल पिवळें पडून गळतें, किंवा फळ धरलेंच तर वांकडें होतें. सूर्यफूल, कारळा, धने ह्या पिकांसही माशांचा उपयोग होतो. कांद्याचें बीं करणारे कित्येक शेतकरी आतां फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्या भाड्यानें आणून शेतांत ठेवूं लागले आहेत. जी गोष्ट पूर्वीं बांधावरच्या मोहोळानें फुकट होत असे, तिला आतां पैसा मोजावा लागतो, एवढ्यावरूनच माशीचें मोल ध्यानांत यावें.

कोणती माशी पाळावी

आपल्या मुलखांतील मूळच्या मधमाशा मुख्यतः तीन. आग्या माशी उंच झाडाच्या फांदीस किंवा कड्यास उघड्यावर एकच प्रचंड पोळें बांधते. ती तापट असून ऋतुमानाप्रमाणें मुलूख बदलते. फुलोरी माशी झुडुपाच्या काटकीस तळहाताएवढें एकच पोळें लावते. ह्या दोघीही उघड्यावर राहणाऱ्या असल्यामुळें पेटींत नांदत नाहींत. तिसरी सातेरी. झाडाची ढोली, वारूळ, दगडी भिंतीचें भगदाड असा काळोखा आडोसा पाहून ती त्यांत एकाशेजारीं एक अशीं अनेक समांतर पोळीं बांधते. पेटी म्हणजे माणसानें केलेली ढोलीच असल्यामुळें सातेरी तींत राहते.

युरोपांतील मेलिफेरा नांवाची माशी नगरोटा बगवान येथें १९६२ सालापासून झालेल्या प्रयत्नांनीं आपल्या देशांत रुजली. ती सातेरीहून कित्येक पट अधिक मध देते, हें खरें. परंतु तिला सलग व भरपूर फुलोरा लागतो. त्यासाठीं पेट्या गाडींत घालून एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत हिंडावें लागतें. शिवाय वरोआ नांवाच्या तांबूस कोळ्यापासून तिला सदैव जपावें लागतें. हा कोळी मूळचा सातेरीच्याच अंगावरचा. परंतु सातेरी माशा तो एकमेकींच्या अंगावरून वेंचून काढतात, सबब त्यांचें त्यामुळें फारसें बिघडत नाहीं. एकदोन पेट्यांनीं आरंभ करणाऱ्यानें सातेरीच धरावी, असें आमचें मत आहे.

वसाहतींतील मंडळी

सातेरीच्या भरलेल्या वसाहतींत दहा-वीस हजार माशा असतात. त्यांत अंडीं घालणारी राणी एकच. बाकीच्या बहुतेक सर्व कामकरी माशा. आणि वेणीच्या हंगामांत, म्हणजे वसाहत फुटून नवा थवा बाहेर पडण्याच्या दिवसांत, कांहीं नर. अंड्यापासून पुरी माशी होण्यास राणीस सुमारें १६ दिवस, कामकरी माशीस सुमारें १९ दिवस, व नरास त्याहूनही कांहीं दिवस अधिक लागतात. अंडीं, अळ्या व कोष ह्यांस मिळून पिलावा म्हणतात. पिलावा ही वसाहतीची नाडी आहे. आज पोळ्यांत अंडीं नसलीं, तर तीन आठवड्यांनीं पेटींत तरुण माशी नाहीं, हा हिशेब पेटी ठेवणाऱ्यानें कायम डोक्यांत ठेवावा.

पेटींतील मर्म

पेटीचें सारें मर्म एका अंतरांत आहे. अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ नांवाच्या पाद्र्याच्या १८५१ सालीं असें ध्यानांत आलें कीं, पेटींत सुमारें पाऊण ते एक सेंटिमीटर फट ठेवली, तर माशा ती जाण्यायेण्यास मोकळी ठेवतात. फट त्याहून लहान असली तर त्याच्याकडील माशा ती राळेनें बुजवीत, आणि मोठी असली तर तींत पोळें बांधीत. हें अंतर राखून त्यानें चौकटी टांगल्या, आणि पोळें न मोडतां पुस्तकाच्या पानासारखें बाहेर काढून पाहण्याची सोय झाली. सातेरी अंगानें लहान असल्यामुळें तिच्या पेटींत एका चौकटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारें ३१ ते ३२ मिलिमीटर अंतर लागतें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत फादर न्यूटन ह्यांनीं दक्षिणेंत सातेरीच्या मानाची लहान पेटी प्रचारांत आणली. ती त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध आहे. आतां भारतीय मानकानें ठरविलेल्या मापांच्याही पेट्या मिळतात. माप कोणतेंही घ्या. परंतु आपल्या सर्व पेट्या एकाच मापाच्या असाव्या, म्हणजे एकींतील चौकट दुसरींत बसते. मेलिफेराची मोठी पेटी मिळते म्हणून तींत सातेरी भरूं नये. लहान वसाहतीस मोठें घर ऊबदार राखतां येत नाहीं. आणि मेलिफेरासाठीं छापलेल्या मेणपत्र्यावरील घरेंही सातेरीस मोठीं पडतात.

पेटीचे भाग थोडकेच आहेत: खालीं तळपाट, त्यावर पिलाव्याची कोठी, तिच्यावर उंचीनें कमी अशी मधाची कोठी, मग आंतील झांकण, आणि सर्वांवर छप्पर. लांकूड चांगलें वाळलेलें व उग्र वास नसलेलें असावें. आंतून रंग लावूं नये. घांटावर छप्पर दोहों बाजूंस उतरतें करून पत्र्यानें मढवावें. ह्याखेरीज तोंडावर घेण्याची जाळी, धूर देण्याचें धुराडें, पातळ सुरी, माशा झाडण्याचा मऊ कुंचला, आणि राणीस कोंडण्याची लहानशी जाळीची पिंजरी एवढें साहित्य पुरें होतें.

शक्य असल्यास पहिल्या वर्षीं एक नव्हे तर दोन पेट्या ठेवाव्या, असें आम्ही सुचवितों. एकच पेटी असली म्हणजे ती चांगली चालली आहे कीं खंगत आहे, हें नवशिक्यास कळत नाहीं. शेजारीं दुसरी असली म्हणजे तुलनेनें कळतें. शिवाय एका पेटींतील राणी मेली, तर दुसरींतून अंडीं असलेली एक चौकट देतां येते, आणि त्या अंड्यांतून किंवा अगदीं कोंवळ्या अळीपासून माशा नवी राणी तयार करतात. एकाच पेटीच्या मालकास हा आधार नसतो.

जागा

पेटी झाडाच्या विरळ सावलींत, वाऱ्याच्या माऱ्यापासून आडोशाला ठेवावी. तोंड पूर्वेकडे असल्यास सकाळचें ऊन लागून माशा लवकर कामास निघतात. पेटी गुडघाभर उंचीच्या घोडीवर ठेवून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावे, म्हणजे मुंग्या चढत नाहींत. वाट्यांतलें पाणी आटूं देऊं नये. पेटीस पुढच्या बाजूस किंचित् उतार द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी आंत मुरत नाहीं. गुरांचा गोठा, रहदारीची वाट व मुलांचें खेळण्याचें ठिकाण ह्यांपासून ती दूर असावी. जवळ स्वच्छ पाणी पाहिजे. नसल्यास उथळ परळांत खडे घालून पाणी ठेवावें.

सातेरी साधारणतः एक-दीड किलोमीटरच्या आंत चरते. सबब पेटी आणण्यापूर्वीं तेवढ्या टापूंत पायीं फिरून कोणत्या महिन्यांत काय फुलतें, ह्याची यादी करावी. घांटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा हीं झाडें वसंतांत माशांस मोठा आधार देतात. आणि कारवी कांहीं वर्षांनीं एकदमच फुलते त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस मधाचा सुकाळ होतो. देशावर तीळ, कारळा, सूर्यफूल, करडई, धने, कांद्याचें बीं, तसेंच बाभूळ, कडुनिंब, चिंच, शेवगा ह्यांचा विचार करावा. ज्वारी व मका ह्यांपासून मध नसला तरी पराग मिळतो, आणि परागावांचून पिलावा पोसत नाहीं. यादींत ज्या महिन्यांसमोर कांहींच लिहितां येत नाहीं, ते उपासाचे महिने. त्या वेळीं आपणांस माशांस खाऊं घालावें लागेल, हें आधींच समजून असावें.

वसाहत मिळविणें

आरंभास उत्तम काळ पावसाळा उलगडल्यावरचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाचा. त्या वेळीं आणलेल्या वसाहतीस पुढील पावसाळ्यापूर्वीं सुगीचीं व वसंतांतील फुलें मिळून बळ धरण्यास अवकाश मिळतो. ऐन वैशाखांत पेटी आणणारा माणूस ती सरळ संकटाच्या तोंडीं देत असतो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जाणत्या पाळणाराकडून चार-पांच चौकटी भरलेली वसाहत विकत घेणें. घेतांना चौकटी काढून पाहाव्या: अंडीं, अळ्या व कोष तिन्ही आहेत काय, माशांनीं पोळीं झांकलेलीं आहेत काय, आणि पराग व मध ह्यांचा सांठा आहे काय. नेआण रात्रीं करावी. दाराला हवा खेळेल अशी जाळी लावावी.

दुसरा मार्ग रानांतील मोहोळ पेटींत घेण्याचा. हें काम प्रथम जाणत्याच्या हाताखालीं करावें. दुपार कलल्यावर ढोलीचें तोंड बेतानें मोठें करून थोडासा धूर द्यावा. फार धूर दिल्यास सातेरी बिथरते. मग कडेकडून एकेक पोळें कापून काढावें. पिलाव्याचें पोळें वरची बाजू वरच राहील असें चौकटींत बसवून केळीच्या सोपाटीनें बांधावें, आणि चौकट पेटींत टांगावी. निव्वळ मधाचीं पोळीं वेगळीं काढावीं. तीं पेटींत ठेवल्यास मध गळून मुंग्या येतात. माशा ओंजळीनें किंवा पळीनें हळूहळू पेटींत सोडाव्या. सर्व भिस्त राणीवर आहे. ती दिसतांच तिला पिंजरींत घेऊन चौकटींच्या मध्यें ठेवावी. ती आंत गेली कीं बाकीच्या माशा आपण होऊन मागें येतात. अंधार पडल्यावर दार लावून पेटी हलवावी.

येथें एक खबरदारी सांगणें अवश्य आहे. माशा आपल्या जुन्या जागेची खूण पक्की धरून असतात. पेटी अर्ध्या-एक किलोमीटरवरच नेली, तर दुसऱ्या दिवशीं चरावयास गेलेल्या माशा जुन्या ढोलीपाशींच परततात. म्हणून नवी जागा जुनीपासून तीन किलोमीटर तरी दूर असावी.

त्याच संध्याकाळीं साखरेचा पाक द्यावा. दुसऱ्या दिवशीं राणीस पिंजरींतून मोकळें करून दारास राणीजाळी लावावी. तिच्या फटींतून कामकरी माशा जातात, परंतु अंगानें मोठी असलेली राणी अडते, आणि राणीवांचून माशा घर सोडीत नाहींत. पोळीं चौकटीस चिकटलीं व नवीं अंडीं दिसूं लागलीं, म्हणजे ही जाळी काढावी. नवी, न फळलेली राणी असेल तर मात्र जाळी लावूं नये. कारण नराशीं संयोग होण्याकरितां तिला बाहेर उडावें लागतें.

पेटी उघडून काय पाहावें

नवी पेटी रोज उघडून पाहण्याचा मोह आवरावा. आठ-दहा दिवसांनीं एकदां, सकाळीं ऊन पडल्यावर, पेटीच्या मागें किंवा बाजूस उभें राहून ती उघडावी. दारासमोर उभें राहूं नये. हालचाल सावकाश असावी. अंगास अत्तराचा किंवा घामाचा उग्र वास नसावा. माशी डसल्यास तिची नांगी कातडींतच राहते. ती नखानें ताबडतोब खरवडून काढावी, कारण नांगीच्या वासानें दुसऱ्या माशा चवताळतात. डंख लागून अंगभर गांधी उठणें, श्वास कोंडणें किंवा भोवळ येणें असें झाल्यास क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टरकडे जावें, आणि अशा मनुष्यानें हा धंदा करूं नये.

राणी प्रत्येक वेळीं दिसलीच पाहिजे असें नाहीं. घरांच्या तळाशीं एकेक अंडें दिसलें, म्हणजे राणी आहे व कामांत आहे, असें समजावें. एकाच घरांत अनेक अंडीं आढळल्यास राणी नाहींशी होऊन कामकरी माशाच अंडीं घालूं लागल्या आहेत, असा संशय घ्यावा. त्या अंड्यांतून नरच निपजतात. नरांचा पिलावा ओळखण्यास सोपा आहे: सातेरीच्या नरकोषाच्या टोपीस मध्यभागीं बारीक छिद्र असतें. पोळ्याच्या खालच्या कडेस शेंगदाण्याच्या शेंगेसारखीं राणीघरें लोंबूं लागलीं, म्हणजे वेणी फुटण्याची तयारी चालली आहे. अशा वेळीं माशांस वाढण्यास जागा द्यावी. वसाहत खरोखर जोरांत असेल, तर जाणत्याच्या मदतीनें तिच्या दोन कराव्या.

पावसाळा हीच परीक्षा

घांटावर ज्येष्ठाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत माशांस बाहेर पडणें कठीण होतें. देशावर त्याआधींच, उन्हाच्या कडाक्यांत, फुलांचा तुटवडा पडतो. ह्या काळांत वसाहत कशी मोडते तें नीट समजून घ्यावें. प्रथम पराग येणें बंद होतें. मग राणी अंडीं घालणें कमी करते. जुन्या माशा मरत जातात, त्यांच्या जागीं नव्या येत नाहींत, आणि पोळ्यांचा कांहीं भाग उघडा पडतो. त्या उघड्या भागांत मेणकिडा शिरतो. शेवटीं उरलेला मध पोटांत भरून सर्व वसाहत एके दिवशीं घर सोडते. मालकास हें एका दिवशीं घडलेलें दिसतें. खरें पाहतां तें महिनाभर घडत असतें, आणि ह्यांतील प्रत्येक पायरीवर तें थांबवितां येतें.

उपाय असे. पावसाळ्यापूर्वीं पिलाव्याच्या कोठींतील मधास मुळींच हात लावूं नये. तो माशांचा शिधा आहे. ज्या पोळ्यांवर माशा बसत नाहींत तीं काढून घ्यावीं, म्हणजे उरलेलीं पोळीं माशांनीं पूर्ण झांकलीं जातात. दार लहान करावें, आणि छपरावर वजन ठेवावें. दर आठवड्यास पेटी मागून किंचित् उचलून पाहावी. ती हलकी लागली कीं पाक द्यावा. साखर व पाणी समभाग घेऊन, पाणी उकळून त्यांत साखर विरघळवावी आणि पाक पूर्ण थंड करावा. नारळाच्या करवंटींत तो ओतून वर काटक्या टाकाव्या, म्हणजे माशा बुडत नाहींत. ही करवंटी पेटीच्या आंतच ठेवावी. एका वसाहतीस आठवड्यास पाव किलो साखरेचा पाक, हें प्रमाण आरंभास धरावें, आणि सांठा पाहून कमीजास्त करावें. पाक संध्याकाळींच द्यावा व बाहेर सांडूं नये. नाहीं तर शेजारच्या वसाहती लुटालुटीस येतात. गूळ देऊं नये. त्यानें माशांस हगवण लागते. बाजारांतील मध खाऊं घालूं नये; त्यांतून रोग येण्याची भीति असते.

पावसाळाभर एका पेटीस जी चार-पांच किलो साखर लागेल, ती खर्चांत धरूनच ह्या धंद्याचा हिशेब मांडावा. बैलास उन्हाळ्यांत वैरण घालतांना आपण ती वाया गेली असें म्हणत नाहीं.

शत्रु व रोग

मेणकिड्याचा पतंग रात्रीं पेटींत शिरून फटींत अंडीं घालतो. त्याच्या अळ्या जाळें विणीत पोळें पोखरतात. तळपाट दर आठवड्यास खरवडून साफ ठेवणें, काळीं जुनीं पोळीं काढून टाकणें, व वसाहत जोरांत राखणें हाच त्यावर खरा उपाय. गांधीलमाशी, पाल, सरडा व वेडा राघू ह्यांपासूनही जपावें.

रोगांपैकीं सातेरीस सर्वांत घातक ठरलेला थाई सॅकब्रूड नांवाचा विषाणूचा रोग होय. १९९१-९२ सालीं दक्षिणेकडील राज्यांत त्यानें सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नाहींशा केल्या. ह्यांत अळी कोष होण्यापूर्वींच मरून पाण्यानें भरलेल्या पिशवीसारखी होते, आणि तिचें डोकें वर उचललेलें दिसतें. ह्यास औषध नाहीं. रोगी पेटींतील चौकट निरोगी पेटींत कदापि घालूं नये. हात व हत्यारें धुवावीं. राणीस कांहीं दिवस कोंडून पिलाव्यांत खंड पाडावा. आणि जी वसाहत रोगांतून तरली, तिच्याच राण्या पुढें वाढवाव्या.

ह्या सर्व शत्रूंहून कठीण शत्रु आपल्याच हातांत असतो, तो म्हणजे फवारणीचा पंप. पीक फुलोऱ्यांत असतांना कीटकनाशक मारूं नये. मारणें अगदीं भागच पडल्यास सूर्य मावळल्यावर, माशा घरीं परतल्यानंतर मारावें; पेटीचें दार आदल्या रात्रीं जाळीनें बंद करून पेटी सावलींत ठेवावी, आंत पाणी द्यावें, व एका दिवसाहून अधिक काळ कोंडूं नये. परंतु माशा बांधाची सीमा पाळीत नाहींत. आपण कितीही जपलें आणि शेजाऱ्यानें भर दुपारीं सूर्यफुलावर फवारा मारला, तर दाराशीं मेलेल्या माशांचा खच पडतो. म्हणून पेटी आणण्यापूर्वींच शिवेवरच्या चार शेजाऱ्यांस भेटून फवारणीची वेळ आदल्या दिवशीं कळविण्याचें ठरवावें. त्यांच्या पिकासही ह्याच माशा उपयोगीं पडतात, हें त्यांस पटवून द्यावें. ह्या कामीं सभासदांचें परस्पर सहकार्य एकट्याच्या कौशल्याहून अधिक उपयोगीं पडेल.

मध केव्हां व किती घ्यावा

वसंतांत पिलाव्याची कोठी भरून माशा मधाच्या कोठींत चढल्या, आणि तेथील पोळ्यांची तीन-चतुर्थांश घरें मेणानें बंद झालीं, तरच मध काढावा. उघड्या घरांतील मध पातळ असतो व लवकर आंबतो. मेणाच्या टोप्या सुरीनें उतरवून चौकटी मधयंत्रांत फिरवाव्या, आणि रिकामीं पोळीं माशांस परत द्यावीं. मेण करण्यास माशांस त्याच्या कित्येक पट मध खर्चावा लागतो. सबब एक पोळें वांचविणें म्हणजे पुढील मधच वांचविणें होय. पाक देणें चालू असतांना मधाची कोठी चढवूं नये. नाहीं तर साखरेचाच पाक मध म्हणून हातीं येतो, आणि तो विकणें ही फसवणूक आहे. मधयंत्र वर्षांतून थोडेच दिवस लागतें. तेव्हां दहा सभासदांनीं मिळून एक घेतल्यास कोणावर भार पडत नाहीं.

चांगल्या मुलखांत सातेरीची मुरलेली वसाहत वर्षाकाठीं पांच ते दहा किलो मध देते. पहिल्या वर्षीं एवढ्याची अपेक्षा करूं नये. पहिल्या वसंतांत कोठी भरली, तर घरापुरता घ्यावा. भरली नाहीं तर मुळींच घेऊं नये, आणि त्याचें वाईट वाटूं देऊं नये. आश्विनांत पेटी उघडल्यावर पोळीं माशांनीं झांकलेलीं दिसलीं व तळाशीं ताजीं अंडीं आढळलीं, म्हणजे तोच पहिल्या वर्षाचा नफा समजावा.

शिक्षणाची सोय आपल्याच प्रांतांत आहे. महाबळेश्वर येथें राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय असून, पुणें येथें १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. तेथें घरोघरीं ठेवलेल्या सातेरीच्या पेट्या पाहून येण्यासारख्या आहेत. ज्या सभासदांस येत्या हंगामांत पेटी ठेवावयाची असेल, त्यांनीं चालू पावसाळ्यांतच आपल्या टापूंतील फुलांची यादी करावी, शेजाऱ्यांशीं बोलणें करावें, आणि दिवाळीपूर्वीं पेटी करवून ठेवावी. मग कार्तिकांत वसाहत आणण्यास हरकत नाहीं.